चौकटीच्या कडेला

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतून एक पेटी हमखास असते. तिच्यात फडक्यात बांधलेले मोडी कागदांचे रुमाल असतात. इनामाचे कागद, देवस्थानाचे हिशेब, कुणाची उसनवारी, कुणाचे क्षेमकुशल. आमच्या पणजोबांना ते घडाघडा वाचता येत. आजोबांना अर्धेमुर्धे येत, वडिलांना खालची सही तेवढी ओळखू येई, आणि आम्हांला तेवढेही येत नाही. तरी दसऱ्याच्या सुमारास पेटी उघडावी, कागदांना ऊन दाखवावे, कडुलिंबाचा पाला बदलावा आणि रुमाल पुन्हा बांधून ठेवावेत, हा नेम आमच्या घरी अजून चालू आहे. कागद शाबूत आहे; वाचणारा मात्र उरला नाही.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तो तळ पुढे हललाच नाही आणि छावणीचेच लष्कर नावाचे शहर झाले. त्यामुळे की काय, सामान बांधून ठेवण्याची हौस आम्हा लष्करकरांच्या अंगात मुरलेली आहे. वाड्याच्या वाटण्या झाल्या, चौकात भिंत उभी राहिली, आमच्या वाट्याला खाली दोन आणि वर एक एवढ्या खोल्या उरल्या. पण माळ्यावरचे सामान जागचे हलले नाही. त्याच माळ्यावर मोडीच्या पेटीशेजारी एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात १९ व्हिडिओ कॅसेट आणि काकांनी परदेशातून येताना आणलेल्या सुपर ८ कॅमेऱ्याची ३ लहान रिळे होती. ही आमच्या पिढीची मोडी. तिच्याकडे पाहून आम्हांला असे कधी वाटले नव्हते, हे आधीच कबूल करतो.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. थोरली ताई लग्न होऊन पुण्यास गेली, ती तिथलीच झाली. वडील गेल्यावर घरात वडीलधारे म्हणून काकाच राहिले आहेत. त्यांनी आता ८६ वे वर्ष ओलांडले आहे. त्यांची दृष्टी मंदावली म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही मोठा स्मार्ट टीव्ही घेतला. तो ठेवण्यासाठी आवराआवर सुरू झाली आणि ट्रंक कबाड्याला देण्यापर्यंत मजल गेली. तशी सबळ कारणेही होती. २००७ मध्ये आम्ही ताईच्या लग्नाची कॅसेट एका दुकानात देऊन तिची डीव्हीडी करून घेतली होती. त्यामुळे मूळ कॅसेट आमच्या लेखी मृत झाली होती. काका मात्र म्हणाले, "त्या तबकडीत लग्न आहे कुठे? मंगलाष्टकांच्या जागी सिनेमाची गाणी आहेत."

ते खरेच होते. दुकानदाराने आपल्या समजुतीप्रमाणे कंटाळवाणा भाग गाळला होता, फुलाफुलांच्या चौकटी घातल्या होत्या आणि मूळ आवाज पुसून त्यावर चित्रपटगीते चढवली होती. सतरा वर्षे आम्ही ते मुकाट्याने पाहिले. काकांच्या त्या एका वाक्याने कबाडी दारातून परत गेला.

मग चौकशीला लागलो तेव्हा कळले की आम्ही फार उशिरा जागे झालो आहोत. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस बाजारात आणले. आपल्याकडे १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ व्हीसीआरचे वेड पसरले. मुंजी, लग्ने, सत्यनारायण, साठीशांत, सारे कॅसेटीत जाऊ लागले. ते यंत्र बनवणारी फुनाई ही अखेरची जपानी कंपनी जुलै २०१६ मध्ये थांबली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने तर २०१५ मध्येच एक टिपण काढले होते. त्याचे नावच 'डेडलाइन २०२५' असे होते. चुंबकीय फिती तोवर संगणकात उतरवल्या नाहीत तर त्यांतल्या बहुतेक कायमच्या जातील, कारण फीत झिजते, आणि त्याहून वेगाने ती वाजवणारी यंत्रे व ती दुरुस्त करणारे हात नाहीसे होतात, असे त्यांचे म्हणणे. ती मुदत आता भरली आहे. सरकारी संग्रहालयांना निदान ती मुदत ठाऊक तरी होती. पुण्यास १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे; त्याचे काम चित्रपटांचे. आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेचे संग्रहपाल आम्हीच.

या संदर्भात आम्हांला सावेदादांची आठवण झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चलच्चित्र घेतले आणि १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले त्या स्वागताचेही घेतले. भारतीयाने भारतात टिपलेली ही अगदी पहिली चित्रे. विचार केला तर ते दुसरे चित्र म्हणजे मुलगा शिकून घरी आला त्याचे चित्रण, थोड्या मोठ्या घराचे. आज ते पाहायला मिळत नाही. ज्याने टिपले त्याचे नाव राहिले, जे टिपले ते गेले. सव्वाशे वर्षांनी आमच्या ट्रंकेतही निराळे काय होणार होते?

व्हीसीआर शोधण्यातच महिना गेला. नव्या पेठांत कोणी दाद देईना. शेवटी एका स्नेह्यांच्या घरी, गोधड्यांच्या खाली, एक मिळाला. एका वृद्ध मेकॅनिकने त्याचे हेड साफ करून दिले आणि बजावले की कोणतीही कॅसेट लावण्याआधी एकदा पुढे व एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या, नाहीतर चिकटलेली फीत तुटेल. ग्वाल्हेरचा उन्हाळा पारा पंचेचाळीसच्या पलीकडे नेतो. पत्र्याच्या ट्रंकेत त्या फितींनी पस्तीस-छत्तीस उन्हाळे काढले होते. दोन कॅसेट तरीही गेल्या. एकीतून केवळ करड्या रंगाची वाळू पडद्यावर आली. तिच्यावरच्या चिठ्ठीवर वडिलांच्या अक्षरात 'ओंकारेश्वर' एवढेच लिहिलेले आहे. ती यात्रा आता त्या चिठ्ठीपुरती.

फीत संगणकात उतरवण्याला आडवाट नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास बसावे लागते. मूळ प्रत आम्ही एफएफव्ही१ या पद्धतीने ठेवली. तिच्यात काहीही गाळले जात नाही, म्हणून संग्रहालये ती पसंत करतात. मात्र तासाला तीसएक गिगाबाइट जागा लागते. ती प्रत टीव्हीला पेलत नाही. टीव्हीसाठी निराळी, हलकी प्रत करावी लागते, आणि ती करताना माणसाला एकामागून एक निर्णय घ्यावे लागतात. हे निर्णय यंत्राचे आहेत अशा समजुतीने आम्ही सुरुवात केली होती.

पहिला प्रश्न ओळींचा. जुन्या टीव्हीवर आपण पाहत असू ते चित्र ५७६ ओळींचे. पण त्या ओळी एकदम उमटत नसत. आधी एकाआड एक अशा अर्ध्या, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने उरलेल्या अर्ध्या. काचेच्या जुन्या नळीवर डोळा ते सांधून घेई. नवा टीव्ही साऱ्या ओळी एकदम दाखवतो, तेव्हा चालत्या माणसाच्या कडेला फणीचे दात दिसतात. सोपा उपाय अर्ध्या ओळी टाकून देण्याचा. मग दात जातात. पण हालचालीचा अर्धा जीवही जातो, आणि धावणारे पोर अडखळत धावल्यासारखे दिसते. आम्ही दोन्ही अर्धे राखून सेकंदाला ५० पूर्ण चित्रे करून घेतली. वेळ लागला, पण पोरे पुन्हा मोकळी धावू लागली.

दुसरा प्रश्न आकाराचा. त्या काळचे चित्र ४:३, आजचा पडदा १६:९. टीव्हीने आपल्या मनाने चित्र ताणून पडदा भरला. ते पाहून काका म्हणाले, "तेव्हा आपल्या घरी इतके खाऊनपिऊन कोणीच नव्हते रे." मग दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू दिली आणि मंडळी मूळ अंगकाठीवर आली.

तिसरा प्रश्न आकुंचनाचा. त्यासाठी आम्ही एच.२६४ वापरले. हे मानक २००३ चे. त्यानंतर २०१३ मध्ये आलेले एच.२६५ आणखी कमी जागेत काम भागवते. पण नातेवाइकांकडचे सगळेच टीव्ही ते वाचतील याची खात्री नव्हती, म्हणून जुन्यावर भिस्त ठेवली. या आकुंचनाची युक्ती जमाखर्चाच्या वहीसारखी आहे. एक चित्र पूर्ण लिहायचे, पुढच्यांत फक्त काय बदलले ते, बाकी 'सदरहू'. शिवाय डोळ्याला सहसा कळणार नाही असा बारीकसारीक तपशील सोडून द्यायचा. मागची भिंत, अंधारातला कोपरा, साडीचे पोत, येथे काटकसर करायची. किती करायची ते एका आकड्याने ठरते. आमची तीस गिगाबाइटची प्रत अशा रीतीने तासाला दोनाच्या आसपास आली. कोपऱ्यात कुणी नसते, असे त्या युक्तीत गृहीत धरलेले असते, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.

पहिला चटका आवाजाने दिला. एका कॅसेटीत १९९० च्या रामनवमीची घरची बैठक आहे. गाणारे कोणी नामांकित नव्हते. पण ज्या गावात शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४ पासून उभे आहे, तेथे घरगुती बैठकीतही सूर नेटका लागतो. फितीवर खरखर होती, म्हणून आम्ही ती काढण्याची सोय वापरली. एकसारखा चालू असणारा आवाज हेरायचा आणि साऱ्या ध्वनिमुद्रणातून तेवढाच वजा करायचा, अशी तिची रीत. खरखर गेली. निकाल काकांना ऐकवला. ते दोन मिनिटे ऐकून म्हणाले, "तंबोरा कुठे गेला?" अखंड वाजणारा तंबोराही यंत्राने खरखरीतच जमा केला होता. आम्ही खरखर परत आणली. तिच्या आडून तंबोरा पुन्हा ऐकू आला.

इतके होऊनही शहाणपण आले असे नाही. ताईच्या लग्नाच्या कॅसेटीला हात लावला तेव्हा आम्ही पुन्हा सफाईच्या मागे लागलो.

संगणकात उतरवलेल्या चित्राच्या चारी कडा ओंगळ दिसतात. डावी-उजवीकडे काळपट पट्टी, आणि तळाशी काही ओळी सतत लवलवत असतात. फिरत्या ड्रमवरचे एक हेड सोडून दुसरे हेड फीत वाचू लागते त्या क्षणाची ती खूण. हे पूर्वी कुणाला दिसत नसे, कारण जुने टीव्ही चित्र मुद्दामच चौकटीपेक्षा थोडे मोठे उमटवीत. प्रत्येक बाजूचा साधारण विसावा भाग लाकडी खोक्याच्या आड राही. दूरदर्शनवाले हे जाणून अक्षरे मध्यभागी ठेवीत. आम्ही विचार केला की जे तेव्हा दिसत नव्हते ते आता तरी कशाला दाखवायचे? ७२० ठिपक्यांच्या रुंदीतून दोन्ही बाजूंनी ३६-३६ ठिपके छाटायचे ठरवले, रात्री संगणक लावून दिला आणि सकाळी स्वच्छ चौकोनी लग्न तयार झाले. मूळ प्रतीने डिस्क भरत आली होती. ती पुसण्याआधी दोन्ही प्रतींचा आवाज चित्राशी जुळतो की नाही एवढे ताडून पाहावे, म्हणून मंगलाष्टकांचा भाग काढला. अक्षता पडतात आणि वाजंत्री उसळते, ती जागा त्यासाठी सोयीची.

नव्या प्रतीत सारे ठीक होते. मूळ प्रतीत मात्र, अक्षता उधळल्या त्याच क्षणी, डाव्या कडेने एक हात चौकटीत आला.

चौकातल्या मांडवाच्या डाव्या अंगाला माजघराचे दार होते. त्या दाराच्या चौकटीआडून तो हात आला, मूठ उघडली, अक्षता पडल्या. मग पुढे झुकलेल्या चेहऱ्याचा अर्धा भाग दिसला, डोक्यावरचा पदर दिसला, आणि सारे पुन्हा दाराआड गेले. चार सेकंद. फितीच्या हिशेबाने शंभर चित्रे. आम्ही ते मागे नेऊन पुन्हा लावले, मग पुन्हा. मनगटावर बांगडी नव्हती, आणि मनगटाच्या वर, तळणीचे तेल उडून पडलेला, अंडाकृती डाग होता. लहानपणी त्याच हाताला धरून आम्ही बाड्यावर जत्रा पाहायला जात असू.

ती आमची मोठी आत्या. विशीत विधवा होऊन माहेरी परतली ती १९९६ मध्ये गेली तोवर या वाड्याबाहेर राहिली नाही. घर आईने चालवले असे आम्ही सांगतो. आईचा अर्धा भार आत्याने वाहिला, हे आई स्वतः सांगे. लोणच्याच्या बरण्या, मुलांची आजारपणे, पाहुण्यांच्या पंगती तिच्याकडे. आणखी एक काम तिने स्वतःहून घेतले होते. आमच्या शाळा हिंदी. घरात मराठी बोलत असू, पण लिहिता-वाचता येईना. दररोज दिवेलागणीनंतर आत्या पाटीवर मराठी शब्द घालून देई. 'ळ' हे अक्षर तिने आमच्याकडून किती वेळा गिरवून घेतले याला गणती नाही. आज या अंकासाठी चार ओळी मराठीत लिहितो आहोत त्या तिच्यामुळे. आणि या आत्याचे आमच्या घरी एकच छायाचित्र होते, कसल्याशा अर्जासाठी काढलेले, टिकलीएवढे. ती चालताना, वळताना, वाकताना कशी दिसे ते आमच्या मुलांना दाखवायला आमच्याजवळ काही नव्हते.

ताईच्या लग्नात, १९८८ च्या फेब्रुवारीत, आत्या कॅसेटीत कोठेही नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते. 'ती आत स्वयंपाकात होती,' असे उत्तर ठरलेले. ताईला ते कधी पटले नाही. आत्याने तिला अंगाखांद्यावर वाढवले होते. मुहूर्ताच्या वेळी ताईने अंतरपाटाआडून तिला शोधले, ती दिसली नाही. आणि आत्या आपल्यावर रागावून आत बसली, दूर पुण्यात लग्न ठरवल्याचे तिच्या मनाला लागले, अशी समजूत करून घेऊन ताई सासरी गेली. पुढे त्याविषयी दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. त्या काळच्या आपल्या घरांतून अशा गोष्टी बोलायची पद्धत नव्हती.

आम्ही काकांना ते चित्र दाखवले. पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून त्यांनी दोनदा पाहिले. "तिला कोणी अडवले होते का?" आम्ही विचारले. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अडवले कोणीच नाही. या, असेही कोणी म्हटले नाही. मी थोरला भाऊ होतो मांडवात. मीही नाही म्हटले."

एवढेच. आम्ही दोघे त्या दिवशी सतरा-अठरा वर्षांचे होतो, पंगतीत वाढत होतो, माजघरातून दहा वेळा ये-जा केली होती. दारापाशी उभ्या असलेल्या आत्याला ओलांडूनच गेलो असणार. 'आत्या, पुढे या,' हे शब्द आमच्याही तोंडून निघाले नाहीत. व्हिडिओवाल्याने तिला वगळले असे म्हणावे तर त्याचा काय दोष? त्याने दिवा आणि कॅमेरा जेथे सारे पाहत होते तेथे रोखला. तिला आधी आम्ही कडेला उभे केले, मग टीव्हीच्या खोक्याने झाकले, मग दुकानदाराने गाळले, आणि छत्तीस वर्षांनी, मोठ्या हौसेने, आम्हीच आकडा टाकून छाटले. एका रात्रीचा फरक होता. मूळ प्रत पुसली असती तर चौथ्या वेळेनंतर पाचवी आली नसती, कारण कॅसेटीचा तो भाग आता पुन्हा लावला की फीत ताणते आहे.

ताईला कसे सांगावे, हा प्रश्न होता. आम्ही काही सांगितले नाही. नवी प्रत केली, या वेळी एकही ठिपका न छाटता. काळी पट्टी राहू दिली, तळाच्या लवलवत्या ओळी राहू दिल्या. आकुंचनाचा आकडाही उदार ठेवला, कारण ज्या अंधाऱ्या कोपऱ्यात यंत्र काटकसर करते तोच कोपरा आम्हांला हवा होता. त्यामुळे त्या एका फायलीने दुप्पट जागा घेतली. घरच्या जुन्या संगणकावर जेलीफिन बसवले आहे. ते विनामूल्य आहे, आणि परवानगी दिलेल्या आप्तांना आपापल्या टीव्हीवर आमच्या घरचा संग्रह पाहता येतो. एका रविवारी संध्याकाळी इकडे आम्ही आणि पुण्यास ताई व तिच्या मुली, असे फोन चालू ठेवून एकाच वेळी लग्न पाहायला बसलो.

सीमांतपूजन झाले, भाच्यांचा गोंधळ झाला. मंगलाष्टके सुरू झाली. खरी मंगलाष्टके, सिनेमाची गाणी नव्हेत. त्यांत वडिलांचा चिरका आवाज ऐकून फोनवर हशा पिकला. अक्षता पडल्या. डाव्या कडेने हात आला आणि गेला. फोनवर शांतता. चित्र पुढे सरकून हार घालण्यापर्यंत आले. मग ताई हळूच म्हणाली, "जरा मागे घ्या रे."

मागे घेतले. तिने किती वेळा पाहिले ते आम्ही मोजले नाही. मुली विचारीत होत्या, "कोण आहे, आई, कोण आहे ती?" त्यांना ती काय सांगत होती ते नीट ऐकू आले नाही. नंतर आमच्याशी बोलताना तिने एवढेच म्हटले, "म्हणजे आली होती." आणि थोड्या वेळाने, "मी उगाच छत्तीस वर्षे धरून बसले."

आम्हांला वाटले होते की हे पाहून तिला बरे वाटेल. बरे वाटलेही, पण त्या बरे वाटण्यात रुखरुखही मिसळली होती, आणि ती आमच्या सर्वांच्या वाट्याला आली. आत्या रागावली नव्हती, हे कळले. ज्या दाराशी ती थांबली ते दार उघडेच होते, हेही कळले.

उरलेल्या कॅसेटी आम्ही आता निराळ्या डोळ्यांनी पाहतो. कडेला कोण आहे, मागे कोण बोलते आहे, चित्र हलले तेव्हा क्षणभर कोण दिसले, तिकडे आधी लक्ष जाते. काकांच्या सुपर ८ च्या रिळांत घोसीपुऱ्याकडे जाणारी छोटी लाईन सापडली. पन्नास फुटांचे रीळ, सेकंदाला १८ चित्रे, अवघी तीन मिनिटे वीस सेकंद. काकांना गाडी दाखवायची होती. ती दोन फुटी रुळांची गाडी २०२० पासून धावत नाही, म्हणून तिचे मोल आहेच. पण खिडकीतून हात हलवणाऱ्या अनोळखी पोरांचेही काही असेल. आवाज नसलेल्या त्या चित्रावर आम्ही संगीत चढवले नाही.

दर रविवारी काकांना एक कॅसेट दाखवतो आणि ते सांगतील ती नावे लिहून घेतो. हे काम यंत्राला जमत नाही आणि काकांशिवाय आम्हांलाही जमणार नाही. कितव्या मिनिटाला, डावीकडून कितवा माणूस, कोणाचा कोण. काही चेहऱ्यांपाशी तेही अडतात. तेथे आम्ही जागा मोकळी ठेवतो. फायलींच्या प्रती तीन आहेत, एक येथे, एक ताईकडे, एक दूरच्या सर्व्हरवर. नावांच्या वहीची चौथी प्रत कागदावर काढली, आणि तिच्या पहिल्या पानावर या फिती कशात आहेत, कशाने उघडतात, उद्या ते साधन गेले तर काय पाहावे, हे सोप्या मराठीत लिहिले. या दसऱ्याला ती वही आम्ही मोडी रुमालांच्या पेटीत ठेवली. पणजोबांनी एखाद्या रुमालात बाळबोधीत असे एक पान घालून ठेवले असते, तर आम्ही आज इतके परके ठरलो नसतो.

पाहुणे येतात, लग्न लावा म्हणतात. आम्ही लावतो. चित्राच्या तळाशी ओळी लवलवू लागल्या की कोणीतरी विचारतेच, नवा टीव्ही इतक्यात बिघडला का? आम्ही काही बोलायच्या आत काका खुर्चीतून म्हणतात, "खाली नका बघू. डावीकडे बघत राहा."